औद्योगिक पट्ट्यातील दृष्टिरक्षण : पूरक जीवनसत्त्वे किती उपयुक्त?

पुणे-मुंबई मार्गावरील पिंपरी हे एके काळचे लहानसे गाव देशाच्या औद्योगिक नकाशावर प्रथम आले ते मोटारींमुळे नव्हे, तर औषधामुळे. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ साली येथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना स्थापन झाला आणि पिंपरीचे पेनिसिलीन देशभर जाऊ लागले. पुढे १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाल्यानंतर पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी या परिसरात वाहने, यंत्रे व सुटे भाग यांचे लहानमोठे कारखाने उभे राहिले. १९७० साली नगरपालिका आणि १९८२ साली महानगरपालिका अशी या नगराची वाटचाल झाली. कांद्याच्या बाजारपेठेसाठी आणि संग्रामदुर्गासाठी ओळखले जाणारे खेड तालुक्यातील चाकणही गेल्या काही दशकांत मोटार उद्योगाचे केंद्र बनले असून निघोजे, महाळुंगे, खराबवाडी, कुरुळी या गावांच्या शिवारांत आज पिकांच्या जोडीला कारखान्यांची छपरे दिसतात.

या पट्ट्यातील बहुतेक कामे डोळ्यांची आहेत. मायक्रोमीटरवरील रेषा वाचणे, जोडकामातील शिवण तपासणे, रंगकामातील बारीक ओरखडा हेरणे, संगणकाच्या पडद्यावरील आरेखन न्याहाळणे ही कामे करणाऱ्याची रोजी त्याच्या नजरेवर अवलंबून असते. नजर किंचित मंदावली तरी आधी चुका वाढतात, मग वरिष्ठांची बोलणी आणि कधी काम बदलून मिळणे. त्याबरोबर भत्त्यातही फरक पडतो. म्हणूनच 'डोळ्यांसाठी काही ताकदीचे घ्यावे' ही इच्छा कामगारांत स्वाभाविकपणे उत्पन्न होते. औषधांच्या दुकानांत ल्युटीन, झियाझँथीन, ओमेगा-३, जीवनसत्त्व 'अ', जस्त अशा घटकांच्या कॅप्सूल चकचकीत वेष्टनांतून मांडलेल्या असतात व त्या घेण्यास डॉक्टरांच्या चिठ्ठीची गरज नसते. ज्याला डोळ्यांचा कोणताही विकार नाही, ज्याचा आहार बेताचा का होईना पण पुरेसा आहे, अशा प्रौढ व्यक्तीला या कॅप्सूलांचा लाभ होतो काय, हा प्रश्न आहे. आजवरच्या मोठ्या शास्त्रीय चाचण्यांनी त्याचे उत्तर नकारार्थी दिले आहे. मात्र ते नुसते सांगून भागत नाही. कारण या समजुतीच्या मुळाशी एक खरी गोष्ट आहे आणि ती आधी लक्षात घ्यावयास हवी.

समजुतीचे मूळ

जीवनसत्त्व 'अ' आणि दृष्टी यांचा संबंध निर्विवाद आहे. डोळ्याच्या आतील दृष्टिपटलात अंधुक प्रकाशात पाहण्याचे काम करणाऱ्या पेशी असतात. त्यांतील प्रकाशग्राही रंगद्रव्य जीवनसत्त्व 'अ'पासून बनते. प्रकाश पडताच ते रंगद्रव्य विघटित होते व पुन्हा तयार व्हावे लागते. ही क्रिया उलगडून दाखविणारे अमेरिकन शास्त्रज्ञ जॉर्ज वाल्ड यांना १९६७ सालच्या वैद्यकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा सहमान मिळाला. या जीवनसत्त्वाची उणीव झाली की प्रथम रातांधळेपणा येतो, नंतर डोळा कोरडा पडतो, बुबुळाच्या बाजूला फेसासारखे डाग दिसू लागतात आणि लहान मुलांत तर बुबुळ मऊ पडून कायमचे अंधत्व येऊ शकते. कारण ठाऊक नसतानाही उपाय मात्र जुन्यांना माहीत होता. सुश्रुतसंहितेत रातांधळेपणावर बकऱ्याच्या यकृताचा उपयोग सांगितला आहे आणि यकृत हाच प्राणिशरीरातील या जीवनसत्त्वाचा साठा होय.

दुसऱ्या महायुद्धात परदेशातून येणारे कॉड माशाचे तेल दुर्मिळ झाले, तेव्हा आपल्या किनाऱ्यावरील मुशीच्या, म्हणजे शार्क माशाच्या, यकृताचे तेल काढण्याच्या धंद्याला देशात चालना मिळाली. त्या तेलाचा वास नाकात बसलेली पिढी अजून घरोघरी आहे. पुढे १९७० साली केंद्र शासनाने जीवनसत्त्व 'अ'च्या अभावामुळे येणारे बालकांचे अंधत्व टाळण्यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. आजही नवव्या महिन्यात गोवराच्या लसीबरोबर एक लाख एककांची पहिली मात्रा व त्यानंतर पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी दोन लाख एककांची मात्रा अंगणवाडीत वा आरोग्य केंद्रात चमच्याने पाजली जाते. बाळाला घेऊन रांगेत उभ्या राहणाऱ्या मातेला 'डोळ्यांचे औषध' म्हणून ते सांगितले गेले आणि ते योग्यच होते. गफलत होते ती पुढे. जे औषध उणीव भरून काढते, ते उणीव नसताना घेतले तर नजर अधिक तेज होईल, असा तर्क आपोआप केला जातो. भरलेल्या रांजणात आणखी पाणी ओतले तर ते बाहेर सांडते. येथे तर ते सांडतही नाही. जीवनसत्त्व 'अ' चरबीत विरघळणारे असल्याने जादा भाग लघवीवाटे सहज निघून न जाता यकृतात साठत राहतो.

या समजुतीला महायुद्धातील प्रचाराचाही हातभार लागला आहे. ब्रिटिश विमानदलाचे जॉन कनिंगहॅम हे वैमानिक रात्रीच्या अंधारात शत्रूची विमाने अचूक टिपीत, तेव्हा गाजरे खाल्ल्याने त्यांची नजर मांजरासारखी झाली आहे अशी वार्ता पसरविण्यात आली. खरे कारण होते ते विमानात बसविलेले रडार, आणि ते शत्रूपासून लपवावयाचे होते. रडारचे गुपित केव्हाच फुटले. गाजराची कीर्ती मात्र अबाधित राहिली. गाजर उत्तम खाद्य आहे याविषयी दुमत नाही. परंतु त्याने कोणाच्या चष्म्याचा क्रमांक उतरल्याचे सिद्ध झालेले नाही.

चाचण्यांनी काय सांगितले

आज विकल्या जाणाऱ्या नेत्र-कॅप्सूलांच्या वेष्टनांवर ज्या संशोधनाची छाया दिसते, ते संशोधन अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्र संस्थेने केले. दृष्टिपटलाच्या मध्यभागी पीतबिंदू नावाचा एक लहानसा भाग असतो. वाचणे, चेहरा ओळखणे, सुईत दोरा ओवणे ही सर्व कामे त्याच्या बळावर होतात. उतारवयात काहींचा पीतबिंदू झिजू लागतो व समोरचेच नेमके दिसेनासे होते. या विकारावर जीवनसत्त्वांचा उपयोग होतो काय हे पाहण्यासाठी ५५ ते ८० वर्षे वयाच्या साडेतीन हजारांहून अधिक व्यक्तींवर चाचणी घेण्यात आली व तिचे निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाले. जीवनसत्त्व 'क' ५०० मिलिग्रॅम, जीवनसत्त्व 'ई' ४०० एकके, बीटा-कॅरोटीन १५ मिलिग्रॅम, जस्त ८० मिलिग्रॅम व तांबे २ मिलिग्रॅम असे ते मिश्रण होते. ज्यांचा विकार मध्यम अवस्थेत पोचला होता, किंवा ज्यांच्या एका डोळ्यात तो बळावला होता, अशांमध्ये पाच वर्षांत तो तीव्र अवस्थेला जाण्याचा धोका सुमारे २५ टक्क्यांनी घटला.

ही उपलब्धी लहान नाही. परंतु तिची मर्यादा तितकीच स्पष्ट आहे. ज्यांना विकार नव्हता किंवा अगदी प्रारंभिक अवस्थेत होता, त्यांना या मिश्रणाचा लाभ दिसून आला नाही. मोतीबिंदूही त्याने रोखला गेला नाही. जाहिरातीत नेमका हाच भाग गळतो. 'संशोधनाने सिद्ध' हे शब्द राहतात. कोणासाठी सिद्ध, हे राहत नाही.

२०१३ साली दुसऱ्या चाचणीचे निष्कर्ष आले. चार हजारांहून अधिक व्यक्तींचा समावेश असलेल्या या चाचणीत बीटा-कॅरोटीनऐवजी ल्युटीन १० मिलिग्रॅम व झियाझँथीन २ मिलिग्रॅम हे घटक पारखण्यात आले आणि ते अधिक सुरक्षित पर्याय म्हणून स्वीकारले गेले. माशांच्या तेलातील ओमेगा-३ जोडल्याने अधिक लाभ झाला नाही. ल्युटीन व झियाझँथीन ही पिवळी द्रव्ये पीतबिंदूत निसर्गतःच असतात आणि त्याचा पिवळा रंग त्यांच्यामुळेच आलेला असतो. गंमत अशी की, कॅप्सूलमधील ल्युटीन बहुतांशी झेंडूच्या फुलांपासून काढले जाते. दसऱ्याला आपण ज्याची तोरणे यंत्रांना बांधतो, त्या फुलाचा हा एक व्यापारी उपयोग होय. शरीर मात्र ते हिरव्या पालेभाज्या, मका व अंड्याच्या पिवळ्या बलकातूनही सुखाने मिळविते.

निरोगी प्रौढांवरही स्वतंत्र चाचण्या झाल्या आहेत. अमेरिकेत पंचवीस हजारांहून अधिक व्यक्तींना सरासरी पाच वर्षांहून अधिक काळ जीवनसत्त्व 'ड' व ओमेगा-३ देण्यात आले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पीतबिंदूचा विकार त्यामुळे टळला नाही. संगणकावर काम करणाऱ्यांना ज्या कोरड्या डोळ्यांचा त्रास होतो, त्यावर ओमेगा-३ फार नावाजले जाते. २०१८ सालच्या एका चाचणीत ५३५ रुग्णांना वर्षभर ते देण्यात आले. तुलनेसाठी दुसऱ्या गटाला ऑलिव्ह तेलाच्या कॅप्सूल दिल्या होत्या. दोन्ही गटांना सारखेच बरे वाटले. कोरड्या डोळ्यांच्या माणसाने पडद्याकडे पाहताना पापण्या मिटण्याचे विसरू नये, वातानुकूलन यंत्राचा झोत तोंडावर घेऊ नये व गरजेप्रमाणे डॉक्टरांनी सांगितलेले थेंब घालावेत, एवढे पुरते.

धूम्रपान करणाऱ्यांसाठी एक गंभीर सूचना

पुरवण्या निरुपयोगी ठरल्या तरी फार तर पैसे वाया जातील, नुकसान तर नाही ना, असे अनेकांना वाटते. ते सर्वस्वी खरे नाही. फिनलंडमध्ये ५० ते ६९ वर्षे वयाच्या २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर एक चाचणी झाली. बीटा-कॅरोटीन दिल्याने त्यांच्या फुप्फुसांचा कर्करोग कमी होईल अशी अपेक्षा होती. १९९४ साली निष्कर्ष हाती आले तेव्हा तो कर्करोग सुमारे १८ टक्क्यांनी वाढलेला दिसला. अमेरिकेत धूम्रपान करणारे व अॅस्बेस्टॉसशी संबंध आलेले कामगार यांच्यावर बीटा-कॅरोटीन व जीवनसत्त्व 'अ' यांची अशीच चाचणी चालू होती. तीही अशाच कारणास्तव १९९६ साली मुदतीपूर्वी थांबवावी लागली. गाजरातील वा पालेभाजीतील कॅरोटीनने असे होत नाही. धोका आहे तो मोठ्या मात्रेच्या गोळ्यांचा. यास्तव बिडी किंवा सिगारेट ओढणाऱ्याने, तसेच ती सोडून दिलेल्यानेही, बीटा-कॅरोटीन असलेली कॅप्सूल स्वतःच्या मनाने घेऊ नये. वेष्टनावरील बारीक अक्षरे येथे कामास येतात.

जीवनसत्त्व 'अ'चा अतिरेक झाल्यास डोकेदुखी, कातडी सुटणे, यकृताला इजा असे परिणाम संभवतात. गरोदर स्त्रीने दररोज १०,००० एककांहून अधिक रेटिनॉलयुक्त पुरवणी घेतल्यास गर्भात व्यंग निर्माण होण्याची भीती असते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली सुधारलेल्या प्रमाणानुसार प्रौढ पुरुषाला जीवनसत्त्व 'अ' दररोज १००० मायक्रोग्रॅम व स्त्रीला ८४० मायक्रोग्रॅम पुरे होते. जस्ताचे प्रमाण पुरुषास १७ मिलिग्रॅम आहे. पीतबिंदूच्या रुग्णांना दिलेली मात्रा ८० मिलिग्रॅमची होती. इतके जस्त शरीरातील तांब्याचे शोषण अडविते, म्हणूनच त्या मिश्रणात तांबे घालावे लागले होते. औषध म्हणून योजलेली मात्रा आणि रोजच्या गरजेची मात्रा यांत किती अंतर आहे, हे यावरून ध्यानी येईल.

खाणावळीतील ताट

पुरवणीची खरी गरज ज्यांना भासू शकते असा एक वर्ग या पट्ट्यात आहे आणि त्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. मराठवाडा, विदर्भ व परप्रांतातून आलेले तरुण येथे चौघे-पाच जण मिळून एका खोलीत राहतात. पाळ्या निरनिराळ्या असल्याने एकत्र स्वयंपाक होत नाही. सकाळी वडापाव, दुपारी उपाहारगृहातील भात-आमटी, रात्रपाळीत चहा आणि बिस्किटे असा त्यांचा दिवस निघतो. पोट भरते, पण ताटात हिरवे काही नसते. यावर उपाय कॅप्सूलचा नसून मंडईचा आहे. चवळई, तांदुळजा, मेथी, पालक, अळू व विशेषतः शेवग्याचा पाला यांत कॅरोटीन विपुल असते. शेवग्याच्या पाल्यात तर ते गाजरापेक्षाही कितीतरी अधिक असते. आपल्याकडे शेवग्याच्या शेंगा आमटीत जातात व पाला बहुधा झाडावरच राहतो, याला काय म्हणावे! पिकलेली पपई, आंबा, लाल भोपळा, अंडी, दूध हेही त्याच कामाचे आहेत. भाजीतील कॅरोटीन शरीरात मुरण्यासाठी थोडे तेल लागते आणि आपल्या फोडणीने ती सोय पूर्वीच करून ठेविली आहे. कारखान्यांच्या उपाहारगृह समित्यांनी आठवड्यातून चार दिवस पालेभाजी ठेवण्याचा आग्रह धरला, तर त्याचा खर्च फारसा वाढणार नाही.

जीवनसत्त्व 'ब-१२'ची गोष्ट थोडी वेगळी आहे. ते वनस्पतिजन्य अन्नात जवळपास नसते. कडक शाकाहार, दूध-दही बेताचे आणि त्यातून मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू, अशा व्यक्तीत त्याची उणीव होऊ शकते व क्वचित प्रसंगी दृष्टिनाडीलाही इजा पोचते. येथे गोळी वा इंजेक्शन हाच उपचार होय. परंतु तो रक्त तपासून, वैद्यकीय सल्ल्याने करावयाचा आहे.

यंत्रापुढील डोळा

औद्योगिक पट्ट्यातील डोळ्यांचा खरा शत्रू जीवनसत्त्वांचा अभाव नसून धातूचा कण व ठिणगी हा आहे. घासाईच्या चाकावरून उडालेला लोखंडाचा कण बुबुळात रुततो व काही तासांतच त्याभोवती गंजाचे कडे धरते. शेजारचा सहकारी काडीने किंवा रुमालाच्या टोकाने तो काढण्याचा प्रयत्न करतो. हेतू चांगला असतो. परिणाम मात्र जखम चिघळण्यात व बुबुळावर कायमचा पांढरा डाग राहण्यात होऊ शकतो. हातोडा-छिन्नीच्या कामात वेगाने उडालेला कण तर डोळ्याच्या आत शिरतो आणि प्रारंभी फारसे दुखतही नाही. 'काहीतरी लागले' एवढेच वाटून माणूस पाळी पुरी करतो. अशा वेळी डोळा न चोळता, न दाबता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे पोचणे अगत्याचे असते. रसायन उडाल्यास मात्र आधी तेथल्या तेथे भरपूर स्वच्छ पाण्याने निदान पंधरा-वीस मिनिटे डोळा धुवावा व मगच निघावे.

विजेच्या जोडकामाचा झोत उघड्या डोळ्यांनी पाहिल्यास अतिनील किरणांनी बुबुळाचा पृष्ठभाग भाजतो. त्रास लगेच होत नाही. सहा ते बारा तासांनी, म्हणजे बहुधा मध्यरात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होऊन पाण्याच्या धारा लागतात. बटाट्याच्या चकत्या, दुधाचे थेंब असे घरगुती उपाय केले जातात. डोळा सामान्यतः एक-दोन दिवसांत आपोआप भरून येतो, म्हणून श्रेय बटाट्याला मिळते. दूध घालण्याने जंतुसंसर्गाची जोखीम मात्र वाढते. हा त्रास जोडारीपेक्षा त्याचा मदतनीस व शेजारून जाणारे यांना अधिक होतो, कारण ढाल जोडाऱ्याच्याच हाती असते.

डोळ्यांच्या संरक्षणासाठी १९४८ च्या कारखाने अधिनियमाने कलम ३५ अन्वये स्वतंत्र तरतूद केली होती, यावरून या प्रश्नाचे महत्त्व विधिमंडळांनी केव्हाच ओळखले होते हे दिसते. मोठ्या कारखान्यांत संरक्षक चष्म्याची शिस्त बरीच रुजली आहे. लहान कार्यशाळांत तो चष्मा पुष्कळदा खिळ्याला टांगलेला आढळतो. काच ओरखडलेली असते, घामाने धूसर होते, कानामागे रुतते, या कामगारांच्या तक्रारी खोट्या नाहीत. मापाचा, धूसर न होणारा आणि क्रमांक असणाऱ्यास त्याच्या क्रमांकाचा चष्मा पुरविणे हे मालकाच्या दृष्टीनेही नुकसानभरपाईपेक्षा स्वस्तच पडते.

चाळिशी

मराठीने एका वयाचे नाव चष्म्याला दिले आहे. चाळिशीच्या सुमारास डोळ्यातील भिंग ताठर होऊ लागते व जवळचे धूसर दिसते. हा रोग नव्हे आणि अशक्तपणाही नव्हे. केस पिकण्यासारखाच तो वयाचा धर्म आहे व कोणत्याही गोळीने भिंगाला पूर्वीचा लवचिकपणा येत नाही. प्रस्तुत लेखकही ही मुद्रिते चाळिशी लावूनच तपासतो. कॅप्सूलांवर सर्वाधिक खर्च करणारा वर्ग मात्र याच वयाचा आढळतो. वर्तमानपत्र हातभर लांब धरून वाचणारा गृहस्थ आपली नजर 'उतरली' असे समजून ताकदीच्या शोधात निघतो.

चष्म्याने काय साधते याचे मोजमाप झालेले आहे. आसामातील चहाच्या मळ्यांत चाळीस वर्षांवरील ७५१ कामगारांवर झालेल्या व २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, जवळचे पाहण्याचा चष्मा मिळालेल्या कामगारांची पाने खुडण्याची क्षमता चष्मा न मिळालेल्यांच्या तुलनेत सुमारे २२ टक्क्यांनी अधिक वाढली. बांगलादेशात २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या चाचणीत अशाच चष्म्याने मिळकत सुमारे एक-तृतीयांशाने वाढल्याचे आढळले. चहाची पाने खुडणाऱ्याला जे लागू पडते, ते व्हर्नियरच्या रेषा वाचणाऱ्याला लागू पडणार नाही असे मानण्याचे कारण नाही. काही महिन्यांच्या कॅप्सूलांच्या किमतीत साधा चाळिशीचा चष्मा येतो. तथापि चष्मा लावला की आपण म्हातारे ठरू, कंत्राट पुढे मिळणार नाही, ही भीती कंत्राटी कामगारांत असते व ती दूर करणे पर्यवेक्षकांच्याच हाती आहे.

जे आपण होऊन सांगत नाही

कॅप्सूलांचा सर्वांत मोठा तोटा पैशांचा नाही. त्या काळाचा घात करतात. काचबिंदूत दृष्टीचे क्षेत्र कडेकडेने आकसत जाते व रुग्णाला ते पुष्कळ उशिरा कळते. गेलेली दृष्टी परत येत नाही, उरलेली राखता येते. मधुमेहाने दृष्टिपटलावरील रक्तवाहिन्या खराब होतात तेव्हाही प्रथम काहीच जाणवत नाही. 'डोळ्यांची गोळी चालू आहे' या समाधानात वर्ष-दोन वर्षे निघून गेली, तर लेसरने वा इंजेक्शनने जे वाचले असते ते हातचे जाते. मधुमेही व्यक्तीने नजर स्वच्छ असली तरी वर्षातून एकदा बाहुली मोठी करून दृष्टिपटल तपासून घ्यावे. ज्यांच्या आईवडिलांना वा भावंडांना काचबिंदू आहे त्यांनी, आणि सर्वसाधारणपणे चाळिशी उलटलेल्यांनी, डोळ्यांतील दाब व दृष्टिनाडी यांची तपासणी करवून घेणे इष्ट आहे. मोतीबिंदू हे आजही देशातील अंधत्वाचे पहिले कारण आहे. २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढील व्यक्तींच्या अंधत्वापैकी ६६ टक्के त्याच्यामुळे असल्याचे आढळले. त्यावर शस्त्रक्रिया हाच उपाय असून राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाखाली ती विनामूल्य होऊ शकते.

धूम्रपान सोडणे हा निरोगी प्रौढासाठी पीतबिंदू व मोतीबिंदू या दोहोंच्या बाबतीत सिद्ध झालेला उपाय आहे. तो कोणत्याही बाटलीत मिळत नाही, म्हणून त्याची जाहिरात होत नाही.

वेष्टन वाचताना

अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ खाली पूरक आहारासंबंधी २०१६ साली विनियम करण्यात आले व १ जानेवारी २०१८ पासून ते अमलात आले. कायद्याच्या दृष्टीने हे पदार्थ अन्नाच्या वर्गात मोडतात, औषधाच्या नव्हे. त्यामुळे 'औषधी उपयोगासाठी नाही' अशा अर्थाची इंग्रजी सूचना वेष्टनावर असावी लागते, तसेच विविधतापूर्ण आहाराला हा पदार्थ पर्याय नाही असेही नमूद करावे लागते. दर्शनी बाजूला डोळ्याचे चित्र आणि मागील बाजूला ही सूचना, असे दोन्ही एकाच डबीवर वाचावयास मिळते. अंधत्व, मोतीबिंदू व काचबिंदू बरे करण्याचा किंवा टाळण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करणे तर औषधे व जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींसंबंधीच्या १९५४ च्या अधिनियमान्वये अपराध आहे. 'आठ दिवसांत चष्मा घालवा' अशी भित्तिपत्रके वा भ्रमणध्वनीवरील चित्रफिती आढळल्यास अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते.

डॉक्टरांनी पीतबिंदूच्या विकारासाठी वा सिद्ध झालेल्या उणिवेसाठी कॅप्सूल लिहून दिली असेल, तर ती या लेखाच्या आधारे बंद करू नये. ती मुळात निरोगी माणसाची पुरवणी नव्हेच.

नेत्रतपासणीची सोय या परिसरात दूर नाही. पिंपरीच्या संत तुकारामनगरातील महानगरपालिकेच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात ती होते. विमाधारक कामगार व त्यांचे कुटुंबीय यांच्यासाठी चिंचवडच्या मोहननगर येथे राज्य कामगार विमा योजनेचे रुग्णालय आहे. तपासणीस जाताना जुना चष्मा, मधुमेह व रक्तदाबाचे कागद आणि स्वतःच्या मनाने सुरू केलेल्या कॅप्सूलांची डबी, ही सर्व बरोबर न्यावीत. बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यावर काही तास जवळचे धूसर दिसते व उजेड खुपतो. म्हणून त्या दिवशी दुचाकी स्वतः चालवू नये, आणि दुसऱ्या पाळीला जावयाचे असेल तर तपासणी सुटीच्या दिवसावर ठेवावी.